चिंचेने घासलेली राणी

कोपऱ्यावरच्या भाजीवालीने दोरीवर धानाच्या झालरी टांगल्या की मी चिंच भिजत घालते. रायपूरला दिवाळी आल्याचं मला कॅलेंडरापेक्षा या झालरींवरूनच कळतं. नव्या धानाच्या ओंब्या काडीसकट गुंफून केलेली जाळी. लोक ती दाराला बांधतात, चिमण्या येऊन दाणे टिपतात. समता कॉलनीत आता चिमण्या कमी आणि झालरी जास्त झाल्या आहेत, तरी मी दरवर्षी दोन घेते. एक दाराला आणि एक स्वयंपाकघराच्या खिडकीला.

चिंच अभनपूरकडची. तिकडची एक बाई टोपली घेऊन आमच्या गल्लीत येते, तिच्याकडे जुनी, काळी पडलेली चिंच असते. खायला नको वाटते, पण पितळेला तीच लागते. सकाळी पाण्यात टाकली की दुपारपर्यंत कोळ होतो. मग मागच्या अंगणात पाट टाकून बसायचं. पुढ्यात ताम्हन, घंटा, समया, देव, आणि हाताशी नारळाच्या शेंडीचा गोळा नि वाटीभर राख. पहिला हात फिरवला की काळं पाणी सुटतं, दुसऱ्या हाताला पिवळं दिसू लागतं. बोटांच्या चिरांमध्ये आंबट झोंबतं. हा वास नाकात गेला की मी एकदम चोवीस वर्षांची होते आणि पोटात खड्डा पडतो. चोवीस वर्षांची व्हायला माझी काही हरकत नाही. खड्ड्याचं तेवढं बघायला हवं.

मी मूळची वर्ध्याची. त्या वर्षी वैशाखात लग्न होऊन रायपूरला आले आणि माझ्या मागोमाग राजधानीही आली. दिवाळी आणि नव्या राज्याचा जन्म त्या वर्षी एकाच आठवड्यात पडला होता. गावात लग्नघरासारखी धांदल होती. भोपाळहून फायलींचे ट्रक येत होते. ज्यांच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या ते लोक अचानक ताठ चालू लागले होते, कारण साहेबलोकांना भाड्याने घरं हवी होती. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला उसंत नव्हती. कालपर्यंत जे नुसतं ‘स्टोअर्स’ होतं ते ‘राजधानी स्टोअर्स’ झालं. जिकडे जावं तिकडे ओल्या चुन्याचा आणि ऑइलपेंटचा वास. मीही नवी, गावही नवं, आणि दोघांनाही आपल्याला हे सगळं जमतंय असं दाखवायची घाई झालेली.

माझा नवरा विनय तेव्हा सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात होता. संध्याकाळी घरी येऊन रुमाल झटकला की काळी पूड पडायची. ती पूड त्याच्या रुमालापुरतीच असती तर बरं होतं. गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या वड्यांवर, सगळीकडे ती बसायची. मी दिवसातून दोनदा ओटा पुसायची आणि दोन्ही वेळा फडकं काळं व्हायचं. माहेरी पत्र लिहिताना मी लिहिलं होतं की इथली माणसं चांगली आहेत पण हवा काळी आहे. बाकी घर आटोपशीर होतं. सासू, सासरे, आम्ही दोघं आणि एका लोखंडी कपाटात मावलेले अनेक राजे.

ते राजे मामाजींचे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. रेल्वेच्या मालऑफिसातून ते निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. पस्तीस वर्षं त्यांनी नाणी जमवली होती. ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, नागपूरकर भोसल्यांची तांब्याची नाणी, रतनपूरच्या राजांची. सोनं-चांदी जवळजवळ नाहीच. आत्याबाई म्हणायच्या, माणसानं नाद करावा तर पिवळ्याचा करावा, यांनी काळ्याचा केला.

त्या काळेपणावर मामाजींचा फार जीव. जुन्या तांब्या-पितळेवर शेकडो वर्षांत जो हिरवा-काळा थर बसतो त्याला जाणकार पॅटिना म्हणतात. मामाजी नुसतं ‘कातडी’ म्हणायचे. नाणं घासणं म्हणजे त्याची कातडी सोलणं, आणि सोललेलं नाणं कितीही चमकलं तरी ते मेलं. दर रविवारी आमच्या ओसरीत नाणीवाल्यांचं मंडळ जमायचं. एक मास्तर, एक औषधांचा दुकानदार, रेल्वेतले दोन-तीन जुने सोबती. मामाजी त्यांना हे इतक्यांदा सांगत की चहा देता-देता मलाही ते पाठ व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा चहात साखर किती आणि कोणाला बिनसाखरेचा, एवढंच पाठ करत होते.

त्यांचा दुसरा नियम चिठ्ठीचा. प्रत्येक नाणं एका कागदी पाकिटात, आणि सोबत जुन्या कॅलेंडरांच्या जाड पानांची कापलेली चौकोनी चिठ्ठी. तिच्यावर शाईने चार ओळी. कोणाचं, कुठून, कोणाकडून, अवस्था कशी. चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली असेल तर खाली ‘दुरुस्ती’ असं लिहून खरं काय ते मांडायचं. राजेलोक नाण्यावर काय वाटेल ते लिहून घेतात, म्हणायचे, पण चिठ्ठी आपली असते. त्यांच्याकडे रामाचा दरबार कोरलेलं एक नाणं होतं, ते त्यांनी मोठ्या हौसेनं जुनं समजून घेतलं आणि पुढे ते बनावट निघालं. दुसऱ्या कोणी ते मुकाट्यानं ट्रंकेच्या तळाशी ढकललं असतं. यांनी चिठ्ठीवर खाली लिहिलं, ‘दुरुस्ती: नकली. मी फसलो.’ आणि आलेल्या-गेलेल्याला ते सगळ्यात आधी दाखवायचे.

आणि राणी. ती त्यांना गोलबाजारात एका कसेराकडे मिळाली, जुनी भांडी मोडीत घेणाऱ्याकडे. मोडीच्या ढिगात फुटक्या घंटा आणि समयांच्या बुडांमध्ये ती पडली होती. रुपयापेक्षा मोठी, जाडजूड, हिरव्या-काळ्या कातडीची. मामाजींनी तिथल्या तिथे आपल्या हातातला पितळी लोटा त्याला देऊन ती घेतली. देवळातून येत होते म्हणून लोटा हातात होता. आत्याबाईंनी हे पुढे वर्षानुवर्षं ऐकवलं, की लोटा देऊन ढब्बू घेऊन आले. तो ढब्बू रोमचा निघाला. रोमची सोन्या-चांदीची नाणी आपल्या देशात सापडतात, व्यापाऱ्यांबरोबर आलेली. हे असं जड, बाजारहाटाचं नाणं सहसा सापडत नाही. एका बाजूला अंबाडा घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला उभी देवी. कडेची अक्षरं अर्धी कातडीखाली गेलेली. मामाजींना एवढंच वाचता आलं होतं की ती फॉस्टिना नावाची राणी आहे. पण त्या नावाच्या दोन होत्या, आई आणि मुलगी. यातली कोणती, हे त्यांना अकरा वर्षं कळलं नव्हतं.

त्या दिवाळीनंतर ते कळणार होतं. नव्या राज्याबरोबर भोपाळहून जे अधिकारी आले त्यांत दुबे साहेब म्हणून एक होते, त्यांचा जुन्या नाण्यांचा अभ्यास मोठा होता. मंडळाने नव्या राजधानीत आपलं पहिलं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, आणि कोणतं नाणं मधल्या पेटीत ठेवायचं हे दुबे साहेब येऊन पाहणार होते. मामाजींनी त्यांना राणीबद्दल दोन पानी पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, जरूर पाहीन. ते पत्र मामाजी खिशात भिंगाबरोबर घेऊन फिरायचे. पस्तीस वर्षं त्यांचा नाद घरात थट्टेचा विषय होता. आता पहिल्यांदा कोणी जाणता माणूस त्यासाठी घरी येणार होता. धनत्रयोदशीला त्यांनी नवा शर्ट घेतला तो त्यासाठीच राखून ठेवला आहे, असं आत्याबाईंनी मला हळूच सांगितलं.

दिवाळीची पुताई, म्हणजे घराची रंगसफेदी, निघाली. लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून अंगणात काढलं. मजूर आत-बाहेर करत होते. मामाजींनी बाकी पाकिटं डब्यात घालून डबा शेजाऱ्यांकडे ठेवला, पण राणी त्यांना हातातून सोडवेना. त्यांनी ती घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. देवघरात, टाकांच्या ताटलीत. तिथं घरच्याशिवाय कोणी हात लावत नाही. आत्याबाईंना त्यांनी तसं सांगितलं. आत्याबाईंनी ‘हव’ म्हटलं आणि चकलीचं पीठ मळायला घेतलं.

टाक म्हणजे कुळातल्या देवांचे लहान, उठावाचे पत्रे. आमच्या माहेरी ते चांदीचे, चौकोनी. यांच्याकडे पितळेचे, काही गोल, काही चौकोनी, घासून-घासून नाकडोळे गेलेले. लग्नानंतर कुळाचार झाला तेव्हा आत्याबाईंनी मला एकेक देव दाखवला होता. हा खंडोबा, ही भवानी, ही अमक्याची, हा तमक्याचा. मी डोक्यावर पदर, पोटात भूक, अशी बसले होते आणि सगळ्याला मान डोलावली होती. सहा महिन्यांनी ते देव समोर आले तेव्हा मला एकही धड ओळखता येईना. विचारायचं कोणत्या तोंडानं? सासरचं कुलदैवत विसरलेली सून, असं कोणी म्हणायला नको होतं. म्हणून मी विचारलंच नाही. या लेखातली सगळी चूक या एका वाक्यात आहे.

“देवघरातलं सगळं घास वो, काही सोडू नको,” आत्याबाई म्हणाल्या आणि फाटकाशी गेल्या. सुवा, म्हणजे पोपटाची गाणी, गाणाऱ्या बायका आल्या होत्या, मध्ये टोपलीत मातीचा पोपट आणि भोवती टाळ्यांचा ठेका. मी मागच्या अंगणात पाटावर बसले. त्यांचं गाणं भिंतीवरून ऐकू येत होतं, ऊन पाठीवर होतं, आणि मला खरोखर छान वाटत होतं. आपल्या घरातली पहिली दिवाळी. एकेक टाक उचलायचा, घासायचा, धुवायचा. मग ती हातात आली. जाड, गोल, हिरवी-काळी. मला आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला. एका देवीची ही दशा? बाकीचे देव दरवर्षी घासतात आणि हिला कोणी हातही लावत नाही? मागच्या बाजूला उभी बाई, हातात चक्क धानाच्या ओंब्या. मी मनात म्हटलं, ही अन्नपूर्णा. धानाच्या मुलखात येऊन राहिलेल्या माणसांनी अन्नपूर्णेची अशी आबाळ करावी.

बाकीच्या देवांना जेवढा वेळ दिला त्याच्या तिप्पट तिला दिला. आधी चिंचेत बुडवून ठेवली. मग राख. मग शेंडी. हिरवं गेलं, काळं गेलं, लालसर तपकिरी गेलं, आणि आतून असं पिवळं आलं की सोन्यानं लाजावं. मी ती पदराने पुसली आणि उन्हात धरून पाहिली. आपण या घरासाठी काहीतरी केलं, असं मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं.

लक्ष्मीपूजनाला मामाजी सोवळं नेसून पाटावर बसले. मी देव ओळीनं मांडून हळदकुंकू लावून ठेवलं होतं, तिलाही. मामाजींनी ताम्हन पुढे ओढलं आणि त्यांचा हात थांबला. विनय फुलवाती लावत होता, त्याच्या लक्षातही आलं नाही. मग त्यांनी नेहमीसारखं प्रत्येकाला फूल वाहिलं. तिलाही वाहिलं. पूजा झाल्यावर त्यांनी विचारलं, देव कोणी घासले. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मीच, मामाजी. ते म्हणाले, “बरं.” त्या दिवशी त्यांनी फराळाला हात लावला नाही. पित्त झालं म्हणाले.

आत्याबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. आपण तुला बजावायचं विसरलो असं म्हणाल्या आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. माझी बोटं चिंचेने सोलली होती, त्यांना साबण झोंबत होता. मला राहून-राहून नव्या शर्टाची आठवण येत होती.

त्या आठवड्यात रायपूरने दुसऱ्यांदा फटाके वाजवले, राज्य झालं म्हणून. चार दिवसांनी दुबे साहेब आले. मामाजींना त्यांना कळवून नको म्हणता आलं असतं, पण त्यांनी कळवलं नाही. मंडळाची माणसंही जमली होती. मी चहाचा ट्रे घेऊन पडद्याआड उभी होते. मामाजींनी पाकीट उघडलं. दुबे साहेबांनी नाणं हातात घेतलं, कडा पाहिली, वजन पाहिलं, भिंग लावलं. असली आहे, म्हणाले. आणि मग आवाज चढला. असं नाणं या भागात पुन्हा दिसायचं नाही आणि त्याची ही अवस्था?

“किसने किया ये?” त्यांनी विचारलं.

“मैंने,” मामाजी म्हणाले.

“आपने? आप तो सबको मना करते हैं।”

“दिवाली थी, साहब. हाथ चल गया.”

मास्तर आपल्या चपलांकडे पाहत होते. मी ट्रे घेऊन आत गेले, चहा दिला, बिनसाखरेचा बरोबर दुबे साहेबांच्या हातात दिला आणि बाहेर आले. तोंडातून एक शब्द काढला नाही. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

साहेब गेल्यावर मामाजी ओसरीत एकटे बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हटलं, मामाजी, मी सांगून देऊ का त्यांना. त्यांनी मान वर केली.

“काहून? तू आत्ता आली. तुले या गावात अजून पन्नास वर्षं राहाचं आहे. मले किती? माझ्या नावावर राहू दे.”

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि मला जवळ बोलावलं. पिवळ्याधमक चेहऱ्याभोवतीची अक्षरं आता स्वच्छ दिसत होती. कातडीखाली दडलेला शब्द उघडा पडला होता. ते म्हणाले, ही आई. ही मेल्यावर नवऱ्यानं हिला देवी ठरवलं, देवळं बांधली, नाण्यावर तसं कोरून घेतलं. नावाआधी देवी असंच लिहिलंय बघ. अकरा वर्षं मले दिसलं नव्हतं.

“तू देव समजून घासली,” ते म्हणाले, “ते काही चूक नव्हतं.”

प्रदर्शन झालं. मधल्या पेटीत मास्तरांची कसलीशी चांदी बसली. राणी दाराजवळच्या शेवटच्या पेटीत होती, बनावट रामदरबाराच्या शेजारी. मी आत्याबाईंबरोबर पाहायला गेले. चिठ्ठी मामाजींच्या अक्षरात होती, सरळ, सुबक. फॉस्टिना, थोरली. गोलबाजार. कसेराकडून, लोटा देऊन. अवस्था: संग्राहकाने स्वतः चिंचेने घासले. त्यांच्या शेकडो चिठ्ठ्यांमध्ये माझ्या माहितीत ही एकच खोटी.

मंडळाला गंमत सापडली. जो माणूस उठता-बसता घासू नका म्हणून सांगायचा त्यानेच घासलं. मामाजींचं नाव ‘इमली बाबू’ पडलं. रविवारी ओसरीत आले की कोणी ना कोणी विचारायचं, बाबूजी, आज इमली कितनी भिगोई? मामाजी सगळ्यांच्या आधी हसायचे. पण ‘कातडी’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्यानंतर फारसा ऐकला नाही. एखादा नवा माणूस घासलेलं नाणं घेऊन आला तर ते भिंग लावून पाहायचे, राजाचं नाव सांगायचे आणि परत द्यायचे. समजावायचा हक्क आपण गमावला, असं त्यांनी धरलं असावं. मी चहा द्यायची आणि आत जायची.

प्रदर्शनानंतर राणी कपाटात गेली नाही. मामाजींनी तिला एका बशीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. “तुह्या नजरेसमोर राहू दे. घासू मात्र नको,” म्हणाले. उघड्या हवेत पितळ पुन्हा काळवंडतं. पहिल्या खेपेला अठराशे वर्षं लागली, आता आपल्या खिडकीत किती लागतात ते पाहू, असं त्यांचं म्हणणं. खिडकीत फोडणीचा धूर होता, पावसाळ्याची दमट हवा होती आणि सिलतऱ्याची काळी पूड तर होतीच. पहिल्या वर्षी तिची चकाकी गेली. मग ती वाळल्या गवताच्या रंगाची झाली, मग कमी दुधाच्या चहासारखी. दर दिवाळीला मामाजी भिंग घेऊन स्वयंपाकघरात यायचे, तिला उजेडात फिरवून पाहायचे आणि परत बशीत ठेवायचे. विनय म्हणायचा, आमच्या कारखान्याच्या हातून झालेलं हे एकच चांगलं काम. मी एका दिवाळीला खिडकीला धानाची झालर बांधली. राणीच्या पाठीमागच्या देवीच्या हातात ओंब्या आहेतच, त्यांना सोबत. मामाजींनी ती पाहिली, आणि पुढच्या वर्षी झालर बाजारातून त्यांनीच आणली. दोन आणल्या.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आत्याबाई त्यांच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. मंडळाने शोकसभा घेतली, आमच्याच ओसरीत. चांगलं बोलले सगळे. मग मास्तरांनी, वातावरण हलकं करावं म्हणून असेल, इमलीची गोष्ट सांगितली. नव्या शर्टापासून ‘हाथ चल गया’पर्यंत. सगळे हसले, डोळे पुसत हसले. विनयही हसला, त्याला खरं माहीत होतं आणि त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, पुन्हा एकदा. आणि मीही हसले. त्या हसण्याची लाज मला पहिल्या गप्प बसण्यापेक्षा जास्त वाटते. पहिल्यांदा मी नवी होते. शोकसभेत मला कसलं कारण होतं?

यंदा मंडळाने पुन्हा प्रदर्शन ठरवलं आहे. मास्तर आता नाहीत. मंडळ चालवते आमच्याच कॉलनीतली दातांची डॉक्टर. तिला सगळे दीदी म्हणतात आणि ती मला दीदी म्हणते. तिने फोन करून मामाजींची नाणी मागितली. चिठ्ठ्यांसकट द्या, म्हणाली, त्या चिठ्ठ्याच पाहण्यासारख्या आहेत. काल दुपारी ती न्यायला आली तेव्हा मी अंगणात पाटावर बसले होते, हात चिंचेत. माझी मुलगी तिला आत घेऊन आली. या मुलीशी मी मराठीत बोलते आणि ती मला हिंदीत उत्तर देते. आमचं तसं छान चालतं. लहान असताना ती बशीकडे बोट दाखवून विचारायची, “मम्मी, इसको क्यों नहीं घिसते?” मी सांगायची, आजोबांनी मना केलं आहे. तेही अर्धंच खरं होतं.

डॉक्टर दीदीने बशीतली राणी उचलून उन्हात धरली. आता ती तपकिरी आहे, कडांना काळसर, गालाच्या खोलगट भागात किंचित हिरवी. ही कातडी नवी. जुनी परत येत नाही. पण पाहणाऱ्याला आवडावी एवढी झाली आहे. दीदीने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा खुलला.

“अच्छा, ये इमली बाबू वाला है,” ती माझ्या मुलीला म्हणाली. “तुम्हारे दादाजी का मशहूर किस्सा. सुना है ना?”

मुलगी हसली. तिनेही ऐकलं होतं, सगळ्यांसारखंच.

मी हात धुतले. नीट धुतले, साबण लावून, कारण चिठ्ठीला डाग पडायला नको होता. मामाजींचं शाईचं पेन कपाटात आहे, त्यात शाई भरायला थोडा वेळ गेला. त्या दोघी पाहत होत्या. मला मामाजींचं म्हणणं आठवत होतं, माझ्या नावावर राहू दे. त्यांनी दिलेलं ते परत करणं म्हणजे त्यांचा शब्द मोडणं होतं, हे मला कळत होतं. पण त्या पन्नास वर्षांतली निम्मी आता होऊन गेली आहेत. या गावात मला आता कोण नवी म्हणेल? आणि चिठ्ठीचा नियम त्यांचाच होता.

त्यांची ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली, माझ्या साध्या अक्षरात लिहिलं:

‘दुरुस्ती: संग्राहकाने नव्हे. सुनेने. देव समजून.’

शाई वाळेपर्यंत मी चिठ्ठी खिडकीत धरली. डॉक्टर दीदीने ती वाचली, एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्या मुलीने तिच्या खांद्यावरून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग ती माझ्याशी मराठीत बोलली, किती दिवसांनी.

“आई, हे तू होती?”

“हव,” मी म्हटलं, आणि पुन्हा पाटावर येऊन बसले. टाक अजून घासायचे होते.